दगडाला घाम

मूसहॉर्नची पुन्हा उघडलेली खाण यंदा हिवाळ्यातही चालू ठेवायची असं कंपनीने ठरवलं, आणि पेली नदीकाठच्या वस्तीत जो तो उठून क्रशरचा तज्ज्ञ झाला. दुकानात साखर आणायला गेलेला माणूससुद्धा क्रशरचा जबडा किती रुंद हवा यावर दहा मिनिटं बोलायचा आणि साखर विसरून घरी परतायचा.

उन्हाळ्यात हे काम सरळ असतं. खाणीतून शिसं-जस्ताचा दगड येतो, क्रशरचा जबडा तो चावून फोडतो आणि फुटलेला माल पट्ट्यावरून पुढे गिरणीत जातो. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस उतरला की दगडाबरोबर बर्फही येतो. त्यात शिशाचा दगड वजनाला भारी आणि स्वभावाने मऊ. फुटताना त्याचं पीठ फार पडतं. ते पीठ ओलं झालं की कणकेसारखं चिकटतं आणि गोठलं की त्यापेक्षा सिमेंट परवडलं. म्हणून थंडीत खाण चालवायची तर क्रशर कुठे आणि कसा मांडायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायचं लोढणं थेल्मा एट्झेलच्या गळ्यात आलं होतं.

थेल्मा सत्तावन्न वर्षांची, क्रशरची मुकादम. खाणीवरची सगळी पोरं तिला मावशी म्हणत. निम्मी खरोखरची भाचरं होती म्हणून आणि उरलेली भीतीपोटी. व्हँकूवरहून आलेला इंजिनिअर कॉर्बिनही आठवड्याभरात तिला मावशी म्हणायला लागला होता. पोरगा चांगला होता. त्याच्यात खोट एकच, की तो विचारायचा तेव्हा खरोखरच उत्तर हवं म्हणून विचारायचा. अशा माणसापुढे थापा मारायची सोय नसते.

"मावशी, खर्चाचे आकडे मी मांडीन," तो म्हणाला, "पण यातलं इथे काय टिकेल हे मला कळत नाही. गुरुवारी दुपारपर्यंत तुम्ही लिहून द्या. तुम्ही लिहाल ते घेऊ."

"आणि फसलं तर?"

"तर आपण दोघं मिळून फसू."

पर्याय दोन होते. पहिला हॅल्व्हर्सन नावाच्या ठेकेदाराचा: साखळीच्या पायांवर रणगाड्यासारखा चालणारा फिरता क्रशर, आणायचा, उघड्यावर उभा करायचा आणि चालू करायचा. दुसरा पर्याय म्हणजे खाणीतली जुनी गरम शेड. खाण पहिल्यांदा चालू होती तेव्हा बारा हिवाळे याच शेडमध्ये दगड फोडला गेला होता. मोठी भट्टी, चहूबाजूंनी पत्रे, आत दगड ओतायचा हॉपर, जबडा, पट्टा, सगळं उबेत. ही शेड ज्याच्या सांगण्यावरून बांधली तो तेव्हाचा मुख्य फिटर म्हणजे विल्बर्ट एट्झेल. थेल्माचा नवरा.

खरी पंचाईत इथे होती. खाण बंद पडल्यापासून विल्बर्ट खिडकीपाशी बसणारा माणूस झाला होता. सापळे लावायला जायचा, सरपण फोडायचा, आणि उरलेला वेळ खिडकी. पण शेड पुन्हा तापवणार असं कानावर आल्यापासून सहासष्ट वर्षांचा हा गडी रोज सकाळी दाढी करायला लागला होता. ट्रंकेतून जुना डगला बाहेर निघाला होता. कॉर्बिन त्याला "जमलं तर एकदा येऊन बघून जा" एवढंच म्हणाला होता; वस्तीभर मात्र विल्बर्ट सांगत फिरत होता की कंपनीने सल्लागार म्हणून बोलावलंय. थेल्माला ते ऐकून हसू यायचं आणि मग लगेच ती विषय बदलायची, कारण त्या शेडबद्दल तिच्या मनात काय होतं ते तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

हॅल्व्हर्सनचा क्रशर सोमवारी आला. यंत्र देखणं होतं, रंग पिवळाजर्द, आणि हॅल्व्हर्सन त्याच्याभोवती नवरदेवाच्या बापासारखा फिरत होता.

"बाई, हे शून्याखाली पन्नासलाही चालतं. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक कुठे छापलं?" थेल्माने विचारलं.

"टेक्ससला."

"तिकडे शून्याखाली पन्नास बरं कुठल्या महिन्यात होतं?"

हॅल्व्हर्सन दिलदारपणे हसला. थेल्माने त्याला सांगून पाहिलं की रात्री यंत्र उभं करताना साखळ्यांखाली स्प्रूस झाडाचे ओंडके घाला. या वस्तीत कुणी ट्रकसुद्धा उघड्या जमिनीवर ठेवत नाही. चालून गरम झालेलं लोखंड खालचा बर्फ वितळवतं आणि मग ते पाणी त्यालाच धरून ठेवतं. हॅल्व्हर्सन म्हणाला, बाई, चाळीस टनांचं यंत्र आहे, त्याला कोण धरणार.

मंगळवारी सकाळी यंत्र जमिनीला असं चिकटून बसलं होतं की जणू तिथेच उगवलं असावं. हॅल्व्हर्सनच्या माणसांनी ते जोर लावून हलवायचा प्रयत्न केला तेव्हा तेलाच्या दोन नळ्या काडीसारख्या मोडल्या आणि तेल पाघळलेल्या गुळासारखं हळूहळू बर्फावर उतरलं. नव्या नळ्या एडमंटनहून यायला चार दिवस लागणार होते. बघायला जमलेल्या पोरांमधला ड्युएन, जो थेल्माच्या हाताखाली पट्टा सांभाळायचा, अगदी आदराने पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, पुस्तकात ओंडक्यांचं पान फाटलं असेल."

तर हॅल्व्हर्सन निकालात निघाला. बुधवारी जुन्या शेडची पाळी होती.

भट्टी तीन दिवस आधीच पेटवली होती. विल्बर्ट पहाटेपासून डगला घालून हजर. त्याने प्रत्येक वंगणाची डबी स्वतः पाहिली, पट्ट्यावर हात फिरवला, जबड्याला थाप मारली. बाहेर शून्याखाली त्रेचाळीस आणि आत माणसं टोप्या काढून उभी. पहिला ट्रक हॉपरमध्ये ओतला, जबड्याने दगड चावायला सुरुवात केली आणि पट्ट्यावरून फुटलेला माल सळसळत निघाला. कॉर्बिनने टाळी वाजवली. विल्बर्टने बायकोकडे असं पाहिलं की तिला दुसरीकडे बघावं लागलं.

तास गेला. उबेत दगडाबरोबर आलेला बर्फ वितळला, दगडाला घाम फुटला, पीठ ओलं झालं. शेडच्या आत त्याने काही बिघडत नव्हतं. पण पट्टा भिंतीतल्या भोकातून बाहेर पडून गिरणीकडे जात होता, आणि बाहेर त्रेचाळीस होतं. ओलं पीठ पट्ट्यावर गोठलं. त्यावर दुसरा थर बसला, मग तिसरा. पट्ट्याचे रूळ जाड होत गेले, पट्टा एका बाजूला सरकला आणि शेवटी किंचाळून थांबला.

"वाफेची नळी आणा," विल्बर्ट आनंदाने म्हणाला. "हे असंच असतं. घाबरू नका, अगदी असंच असतं."

त्याने नळी धरली, वाफ सोडली, बर्फ सुटला, पट्टा चालू झाला. वाफेचं पाणी झालं, ते पाणी पिठात गेलं आणि वीस मिनिटांनी पट्टा पुन्हा थांबला. दुपारपर्यंत असं सात वेळा झालं. ड्युएन आणि आणखी तिघे कुदळी घेऊन रूळ खरवडत होते, विल्बर्ट वाफेच्या ढगात घामाघूम होऊन हुकूम सोडत होता, आणि तो इतका खूश होता की कुणाला काही बोलवेना.

"सुरुवातीची कटकट असेल ना ही?" कॉर्बिनने थेल्माला हळूच विचारलं. "बारा वर्षं चालली म्हणजे शेडमध्ये दम असणार. मी तर हिच्याच बाजूने आहे. तुम्ही फक्त लिहून द्या."

थेल्माने हातमोजे घातले आणि बाहेर जाऊन उगाचच ट्रकचे टायर पाहिले.

तिला सगळं ठाऊक होतं. इथली खाण बंद पडल्यावर ती अकरा वर्षं शेजारच्या मुलखात हिऱ्यांच्या खाणीवर होती, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. तिकडचा क्रशर उघड्या थंडीत उभा असायचा. वर फक्त छप्पर, बाजूला वाऱ्याला आडोसा. वंगण तेवढं गरम ठेवायचे. दगड, जबडा, पट्टा सगळं बाहेरच्याइतकंच थंड. गोठलेला कोरडा दगड फुटाण्यासारखा फुटतो आणि कुठेही चिकटत नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं की विल्बर्टच्या शेडमध्ये बारा वर्षं जी झुंज चालली होती ती थंडीशी नव्हतीच. ती शेडशीच होती. घरी येऊन तिने हे सांगितलं नाही. पुढच्या फेरीला सांगू म्हणाली, मग त्याच्या पुढच्या, आणि अशी अकरा वर्षं गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कसं?

त्या संध्याकाळी तिने कागद चार वेळा लिहिला. पहिल्यात शेडची शिफारस केली आणि स्वतःचीच लाज वाटून तो चुलीत घातला. दुसऱ्यात खरं लिहिलं आणि तोही चुलीत घातला. तिसरा इतका गुळमुळीत झाला की तिलाच कळेना आपण काय मागतोय. चौथ्यावर नुसतीच तारीख होती.

गुरुवारी सकाळी विल्बर्ट सापळ्यांच्या वाटेवरून लवकर परतला. मऊ केसाळ कातड्याची दोन मार्टेन मिळाली होती, स्वारी खुशीत होती. त्याने बंदूक पडवीतल्या खिळ्याला अडकवली, दार लोटून आत आला आणि मूस हरणाच्या रश्श्याचं झाकण उचलून वास घेतला. थेल्मा टेबलापाशी बॅनक रोटी मोडत बसली होती. ती विचारायचं ठरवून बसली नव्हती, पण तोंडातून निघून गेलं.

"बंदूक आत का नाही आणलीस?"

"डोकं फिरलंय का तुझं? उबेत आणली की तिला घाम फुटतो, आणि बाहेर नेली की घोडा गोठून बसतो. शेंबड्या पोरालाही कळतं."

"मग दगड आत का नेलास?"

विल्बर्ट खाली बसून बूट काढत होता. त्याने एक बूट काढला. दुसऱ्याच्या नाडीशी तो जरा जास्तच वेळ खेळत राहिला.

"अकरा वर्षं वाट बघितली मी," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं हिऱ्यांच्या खाणीवरून आली की ही विचारणार. तू काही विचारेनास."

थेल्माच्या हातातली रोटी हातातच राहिली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"शेड बांधायच्या आधीपासून. बंदूक काय मी काल घेतली?"

थेल्माला आधी राग आला, चांगलाच आला. छत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस गप्प राहून तिला वेड्यात काढत होता, आणि तिने त्याचं मन मोडेल म्हणून काल संध्याकाळभर कागद जाळले होते. "विल्बर्ट एट्झेल," ती म्हणाली, "आता सगळं नीट सांग, नाहीतर हा रस्सा कुत्र्यांना घालते."

त्याने दुसरा बूट काढला आणि चुलीजवळ ठेवला.

"पहिल्या हिवाळ्यात तू पट्ट्यावर होतीस. एकोणीस वर्षांची. दगडातून लाकूड, तारा, खिळे वेचायला सहा जणं उभे असायचे, तशा थंडीत, उघड्यावर. एक दिवस तार अडकली आणि ती सोडवायला तू हातमोजा काढलास."

थेल्माने डावा हात टेबलाखाली घेतला. त्या हाताच्या दोन बोटांची टोकं तेव्हापासून पांढरी होती, त्यांना गरम-गार काही कळत नसे. लोकांनी विचारलं तर ती म्हणायची, माझाच मूर्खपणा.

"मी साहेबाकडे गेलो," विल्बर्ट म्हणाला. "म्हटलं, वेचणाऱ्यांना उबेत उभं करा. साहेब भला माणूस, मान हलवली, लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाला एक एक टोपी आली. वर कंपनीचं नाव."

"ती निळी?"

"तीच. मग मी पुन्हा गेलो. या वेळी म्हटलं, साहेब, दगड गरम केला नाही तर जबडा तडकेल. मी इथला माणूस, थंडी माझ्या घरची. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. सहा महिन्यांत भट्टी आली, पत्रे आले, आणि वेचायचा पट्टा आपोआप शेडच्या आत आला."

"खोटं बोललास."

"एकदाच. आणि मग बारा वर्षं वाफेची नळी धरून उभा राहिलो. कुणाला तक्रार करायला तोंड होतं का मला?"

थेल्मा हसायला लागली. मग तिचे डोळे भरले आणि हसणं काही थांबेना, तेव्हा तिने रोटीचा तुकडाच तोंडात कोंबला. त्या वेळी त्यांची ओळखही नव्हती. तिला हा माणूस फक्त "तो कपाळाला आठ्या घातलेला फिटर" म्हणून माहीत होता, आणि लग्न व्हायला त्यानंतर दीड वर्ष होतं.

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू म्हणाली असतीस, माझ्यासाठी एवढा तमाशा कशाला."

"म्हटलंच असतं." तिने डोळे पुसले. "पण मग आता काय? आता तर मी पट्ट्यावर नाही. मग महिनाभर दाढ्या करकरून त्या शेडसाठी का नाचतोयस?"

"पट्ट्यावर यंदाही सहा जणं उभे राहणार आहेत ना?" विल्बर्ट म्हणाला. "आणि साहेब लोक अजून साहेब लोकच आहेत. तू थंड क्रशर माग, बरोबर आहे तुझं. पण वेचायची खोली गरम हवी असेल तर खाली लिही की दगडातलं लोखंड हुडकायच्या यंत्राला ऊब लागते. टोप्या मागू नकोस."

थेल्मा बारा वाजायला दहा मिनिटं असताना कॉर्बिनच्या केबिनमध्ये गेली आणि तिथेच बसून कागद पुरा केला. आता हात कुठे अडला नाही. जबडा खडकावर पक्का बसवायचा. वर छप्पर, वाऱ्याच्या बाजूला आडोसा, भट्टी नाही. पट्टे झाकलेले पण थंड. वंगण गरम. जुनी शेड उतरवायची. शेवटी लिहिलं, वेचणाऱ्यांसाठी बंद खोली, आत शिशाची धूळ खेचून नेणारा पंखा आणि अंगातला डगला काढता येईल इतकी ऊब. त्यापुढे कारणाचा रकाना होता. तिने तिथे "लोखंड हुडकायचं यंत्र" असं लिहिलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि खोडून टाकलं. मग लिहिलं, "माणसांसाठी. यंत्राला याची गरज नाही."

कॉर्बिनने कागद वाचला. शेड जाणार हे वाचून तो चकित झाला. त्याचं कारण थेल्माने दोन वाक्यांत सांगितल्यावर बुधवारच्या सात खोळंब्यांचा अर्थ त्याला लागला आणि त्याने कपाळाला हात लावला. शेवटच्या ओळीपाशी मात्र तो थांबला.

"मावशी, वरचे लोक पहिली कात्री इथेच लावतील. यंत्राचं काहीतरी कारण घालूया ना. मी शोधून देतो."

"शोधायला नको, मला घरबसल्या मिळालंय," थेल्मा म्हणाली. "पण नाही घालायचं." तिने डावा हात टेबलावर ठेवला. "ही दोन बोटं बघ. दाब हवी तेवढी, मला कळणार नाही. मी लिहीन ते घेऊ म्हणाला होतास. ही ओळ कापायची असेल तर माझी सही पण काप, आणि हॅल्व्हर्सनला बोलाव."

कॉर्बिनने बोटांकडे पाहिलं. त्याने दाबून वगैरे पाहिलं नाही. त्याने पेन घेतलं, शेवटच्या ओळीला बाण काढून ती सगळ्यांच्या वर पहिल्या क्रमांकावर नेली, आणि थेल्माच्या सहीशेजारी आपली सही केली.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. थेल्मा त्या तीन आठवड्यांत सगळ्यांवर खेकसत होती आणि विल्बर्ट तिला रोज विचारत होता, टोपी कुठल्या रंगाची येणार. आलं ते मात्र पूर्ण मंजूर होऊन आलं, खोलीसकट. तळाशी वरच्या कचेरीने एक शंका काढली होती: दगड गरम करणं एवढं चुकीचं होतं तर जुनी शेड बारा वर्षं कुठल्या तांत्रिक कारणासाठी तापवली, याची नोंद कुठेच सापडत नाही, कृपया कळवावे.

कॉर्बिन तो कागद घेऊन शेडपाशी गेला. उतरवायचं काम विल्बर्टने स्वतः मागून घेतलं होतं. तो शिडीवर उभा राहून पहारीने पत्रे उचकत होता, खाली ड्युएन ते झेलत होता, आणि थेल्मा पलीकडे नव्या जबड्याच्या पायाची मापं घेत वाकली होती.

"विल्बर्टकाका," कॉर्बिनने खालून विचारलं, "ही शेड गरम ठेवायचं तांत्रिक कारण काय होतं?"

विल्बर्टने वरून पहार थेल्माच्या दिशेने केली.

"ती," तो म्हणाला, आणि पुढचा पत्रा उचकायला लागला.